सातूच्या पिठापर्यंतचा रस्ता

हिमाचलातल्या स्पितीला निघालोय म्हटल्यावर मित्रांनी रस्त्याचं विचारलं, ऑफिसात रजेचं विचारलं आणि आईनं एकच विचारलं, "तिथं खाणार काय?" मी म्हटलं, तिथली माणसं खातात तेच. तिचं काही समाधान झालं नाही. एका स्टीलच्या डब्यात शेंगदाण्याचे लाडू भरले आणि कोल्हापुरी गुळाची ढेप फोडून त्यातले चार-पाच खडे एका छोट्या डबीत घातले. "चक्कर आली तर तोंडात धर." सप्टेंबर संपत आला होता, पितृपंधरवडा चालू होता, त्यामुळे ताई आधीच नाराज होती. त्यात तिचाच मुलगा माझ्याबरोबर.

भाचा सव्वीसचा, मी एकोणपन्नासचा. दोघंही वाईचे, म्हणजे गाडी शिकलो ती पसरणी घाटात. त्यामुळे घाट म्हटलं की आपल्याला येतो, अशी एक समजूत होती. ती तिसऱ्या दिवशी उतरली.

मोटारसायकली सिमल्यात भाड्यानं घेतल्या. मनालीत सोडायच्या, त्याचे पैसे वेगळे. उलटा, म्हणजे मनालीकडून रस्ता कमी पडतो, पण मनाली दोन हजार मीटरवर आणि कुंझुम खिंड साडेचार हजारांवर. एका दिवसात एवढं चढलं की डोकं धरून बसावं लागतं. किन्नौरच्या बाजूनं गेलं तर उंची पायरी पायरीनं वाढते. माझ्या वयाला ते बरं.

दिवस पहिला : सिमला ते सराहन

सिमल्यातून बाहेर पडायलाच तास गेला. ठियोगच्या पुढे सफरचंदांच्या पेट्या लादलेले ट्रक समोरून एकामागोमाग एक. हंगाम ऐन भरात होता. नारकंड्याला, साधारण २७०० मीटरवर, पहिला थांबा आणि पहिला सिद्दू.

सिद्दू म्हणजे आंबवलेल्या कणकेचा गोळा, पोटात अक्रोड आणि खसखशीचं वाटण, मग मोदकासारखा वाफवायचा. टपरीवाल्या बाईंनी भांड्याचं झाकण उचललं तशी वाफ माझ्या चष्म्यावर आली. त्यांनी तो सिद्दू सुरीनं मधोमध चिरला आणि त्यात पळीनं तूप ओतलं. आपल्याकडे वरणभातावर वाढतात तसं नव्हे, अक्षरशः ओतलं. ताटलीत थारोळं झालं. मी हात आडवा केला तर म्हणाल्या, "इसके बिना गले में अटकेगा." खरं होतं. भाचा खाता खाता म्हणाला, "मामा, ही उकडलेली करंजी आहे. फक्त गोडाची नाही." मला तसं वाटलं नाही, करंजीला हा आंबूस वास कुठला, पण त्याला दुसरा सिद्दू खायचा होता म्हणून वाद घातला नाही.

तिथून रस्ता उतरत उतरत सतलजपर्यंत जातो आणि रामपूरला पोचेपर्यंत जाकीट काढावंसं वाटतं. हजारेक मीटर उंची, कोंदट दरी, गढूळ नदी. ज्यूरीहून सराहनचा फाटा धरला की पुन्हा चढण. भीमाकाली मंदिर संध्याकाळच्या उन्हात बघितलं. दगडाचा एक थर, देवदाराच्या तुळईचा एक थर, असं रचत नेलेलं काम. इकडे त्याला काठकुणी म्हणतात. चुना-माती न वापरता बांधलेली ही भिंत भूकंपात हलते पण पडत नाही.

दिवस दुसरा : सराहन ते कल्पा

आजचं अंतर शंभराच्या आसपास, पण तरंडा ढांकपाशी वेळ जातोच. कड्याच्या पोटात कोरलेला रस्ता आहे, डोक्यावर खडक छतासारखा आलेला आणि एका बाजूला खाली सरळ सतलज. डलहौसीच्या काळात, १८५० मध्ये, या हिंदुस्थान-तिबेट रस्त्याचं काम सुरू झालं, तेव्हा तो खेचरांसाठी होता. आता त्यावरून वीजप्रकल्पांचं सामान जातं. नाथपा-झाकरी १५०० मेगावॉटचा, त्याच्या वर करछम-वांगतूचा. नदी बोगद्यात घालून पुढे काढलेली, त्यामुळे मधल्या टप्प्यात पात्रात नुसते धोंडे दिसतात. कोयनेच्या शेजारच्या माणसाला हे नवं नाही, पण इथला धुरळा मात्र नवा होता. पोवारीला टाक्या भरल्या, शिवाय पाच लिटरचा एक कॅन. यानंतरचा पंप थेट काझाला.

कल्पाचं जुनं नाव चिनी. समोर किन्नर कैलास इतका जवळ की दार उघडलं की अंगावर येतो. आम्ही ज्या घरी उतरलो तिथल्या भाभींनी रात्री ओगल्याची धिरडी केली. ओगला म्हणजे आपला उपासाचा कुट्टू. शेतात त्याची गुलाबी फुलं अजून थोडी शिल्लक होती. पीठ पातळ, तव्यावर टाकलं की जाळी पडते, रंग राखेसारखा. त्याबरोबर किन्नौरी राजमा, जो आपल्या बाजारात मिळतो त्यापेक्षा बारीक आणि लवकर शिजणारा, आणि वरून चुलीचं तेल. हे ऐकून मी दचकलो. मला आधी रॉकेलच आठवलं. चुली म्हणजे रानजर्दाळू. त्याच्या बियांतल्या गराचं हे तेल. वास कडवट बदामाचा. पोटाला बरं, सांध्यांना बरं, केसांना बरं, असं भाभी सांगत गेल्या. आमच्याकडे एरंडेलाबद्दल जे जे सांगतात ते सगळं.

जेवण झाल्यावर त्यांच्या सासऱ्यांनी मूठभर चिलगोजे, म्हणजे पाइनच्या बिया, आणून दिल्या. इथे न्योजा म्हणतात. याच आठवड्यात झाडांचे कोन, म्हणजे बियांची बोंडं, उतरवायला सुरुवात झाली होती. झाडावर चढून लांब काठीनं कोन पाडायचे, वाळवायचे, मग एकेक बी काढायची. पुण्यात चिलगोज्याचा भाव ऐकून मी एकदा पिशवी परत ठेवली होती. इथे तो भाव पटला.

बोलता बोलता विषय श्यामसरण नेगींवर आला. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीतलं पहिलं मत त्यांनी याच गावात दिलं, १९५१ च्या ऑक्टोबरात. बाकी देश १९५२ च्या सुरुवातीला मतदान करत होता, पण तोवर इथं बर्फ असतं, म्हणून इथल्यांचं आधी उरकलं. शाळामास्तर असलेल्या नेगींनी २०२२ च्या नोव्हेंबरात, १०५ व्या वर्षी, शेवटचं मतही टपालानं दिलं आणि तीन दिवसांनी गेले. भाभींचे सासरे म्हणाले, "हमारे यहाँ सब कुछ बर्फ़ से पूछ के होता है."

दिवस तिसरा : कल्पा ते नाको

स्पिलोच्या पुढे झाडं संपली. संपली म्हणजे हळूहळू विरळ होत गेली असं नाही. एका वळणानंतर नव्हतीच. मॉन्सूनचे ढग या भिंतीपलीकडे येत नाहीत. खाबला लोखंडी पूल आहे, तिथं स्पिती नदी सतलजला मिळते. सतलज तिबेटातून शिपकी-ला खिंडीकडून येते, स्पिती उत्तरेकडून. दोन्हीचे रंग वेगळे आणि थोडं अंतर तरी एकमेकांत मिसळत नाहीत. इथून सतलज सोडायची आणि स्पितीचं बोट धरायचं.

'का' नावाच्या गावाजवळच्या वळणांवर माझी पसरणी घाटाची समजूत उतरली. एकावर एक रचलेली हेअरपिन, कठडा नाही, आणि वरून बारीक खडी घरंगळत येत राहते. खडी आली म्हणजे मागून मोठा धोंडा येऊ शकतो, तेव्हा वर बघायचं, थांबायचं, मग सुटायचं. एका वळणावर मी पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून गाडी रडवत होतो. भाचा मागून ओरडला, "मामा, क्लच सोड, वायर जाईल!" हे वाक्य लक्षात ठेवा.

नाको ३६६० मीटरवर. छोटा तलाव, काठाला विलोची झाडं, मातीची घरं, छतांवर गवताच्या पेंढ्या. सुंदर आहे. पण मला ते फार दिसलं नाही, कारण चार वाजल्यापासून डोकं ठणकत होतं. गूळ तोंडात धरला. आईचं औषध किती लागू पडलं माहीत नाही, पण धीर आला. रात्री थुक्पा, म्हणजे जाड शेवया घातलेलं कढण, मुळा आणि पालेभाजी तरंगत असलेलं. घरमालकानं त्यात ठेचलेला लसूण वरून घातला आणि दोन लिटर पाणी समोर ठेवून, ते संपेपर्यंत झोपायचं नाही, असा दम दिला.

दिवस चौथा : नाको, ग्यू, ताबो

सकाळी डोकं हलकं. सुमदोला पोलीस चौकीत नाव लिहिलं आणि फाट्यावरून ग्यूला गेलो. १९७५ च्या भूकंपात इथला एक जुना स्तूप कोसळला आणि आत बसलेल्या अवस्थेतला एक भिक्खू सापडला, साधारण पाचशे वर्षांपूर्वीचा. दात आणि डोक्यावरचे केस अजून दिसतात. काचेच्या पेटीत ठेवलाय. त्याच्यापुढे लोकांनी दहा-वीसच्या नोटा आणि एक चॉकलेट ठेवलं होतं. आम्ही फार थांबलो नाही.

ताबोला मात्र जीव रमला. इ.स. ९९६ मध्ये बांधलेला मठ, मातीचा. बाहेरून बघितलं तर कुणाचं तरी जुनं धान्याचं कोठार वाटावं. आत शिरलं की डोळ्यांना अंधार सरायला दोन मिनिटं लागतात आणि मग भिंतींवरून एकेक आकृती पुढे येते. तीसच्या वर मूर्ती, जवळजवळ माणसाच्या उंचीच्या, जमिनीपासून वर, भिंतीतून बाहेर आल्यासारख्या बसलेल्या. त्यांच्या खाली आणि वर चित्रं. फोटो काढायचा नाही, फ्लॅश तर नाहीच. ही बंदी मला फार आवडली. माणूस बघायला लागतो. एक लामा कोपऱ्यात बसून काहीतरी पुटपुटत होता. त्याच्या हातातली विजेरी त्यानं न सांगता एका भिंतीकडे फिरवली. निळा रंग. हजार वर्षांपूर्वीच्या मातीवर तो निळा अजून ओला वाटत होता.

बाहेर पाटीवर याला हिमालयातलं अजिंठा म्हटलंय. आपल्याला अभिमान वाटावा असं ते लिहिलेलं असेल, पण मला ते जरा खटकलं. अजिंठ्याचा डोंगर पावसाला पुरून उरतो. इथं भिंत कच्च्या विटांची, छत मातीचं. जिथं पाऊस पडत नाही तिथंच हे टिकणार. आणि अलीकडे पाऊस पडायला लागलाय, असं तो लामा म्हणाला. छतावर ताडपत्री होती.

दिवस पाचवा : ताबो ते काझा

धनकरला चढून गेलो. स्पितीची जुनी राजधानी. कड्याच्या टोकाला चिकटलेली, खाली पिन आणि स्पितीचा संगम. मातीचे सुळके पावसानं खाऊन टोकदार झालेले, त्यांच्यातच मठ. बघितलं, दम लागला, उतरलो.

खाली शेतं बहुतेक मोकळी झाली होती. या खोऱ्याचा पैसा मटारात आहे. मैदानात मटार नसतो तेव्हा, जुलै-ऑगस्टात, इथला मटार बाजारात जातो. एका शेताच्या बांधावर राहिलेल्या शेंगा वेचणाऱ्या दोन बायकांनी ओंजळभर शेंगा दिल्या. गोड इतक्या की सालं चावून चोथा थुंकला, तोही नाइलाजानं.

काझाच्या बाजारात एमएच-१२, एमएच-१४ च्या पाट्या बघून गावी आल्यासारखं वाटलं आणि "अहो, तुम्ही पण का?" हे दोनदा झालं. पंपावर टाक्या भरल्या. ३७४० मीटरवरचा हा पंप जगातला सर्वांत उंचावरचा म्हणून पाटी आहे, तिथं फोटोसाठी रांग होती आणि पेट्रोलसाठी नव्हती.

रात्री तिंग्मो खाल्ला. वाफवलेला, फुलासारखा वळलेला पाव. बटाट्याच्या रश्शात बुडवायचा. भाच्यानं पाच खाल्ले. त्याची आई बघायला हवी होती.

दिवस सहावा : कोमिक, हिक्किम, लांगझा

आज सामान काझालाच. नुसतं वर जाऊन यायचं होतं.

कोमिकची पाटी ४५८७ मीटर सांगते. आपली कळसूबाई १६४६. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवली, वर तिसरी पाऊण. मठाच्या पायऱ्या चढताना सहा पावलांनी थांबत होतो. मठाखालच्या एका घरात जेवण मिळतं म्हणून शिरलो. चुलीच्या जागी पत्र्याची शेगडी, तिचं धुराडं छतातून बाहेर, भोवती गालिचे. घरातल्या म्हाताऱ्या बाईंना सगळे आमा म्हणत होते, आम्हीही म्हणालो.

त्यांनी आधी चहा दिला. मिठाचा, लोण्याचा. पूर्वी लाकडाच्या लांब नळकांड्यात रवीसारखा दांडा खालीवर करून तो घुसळायचे; ते नळकांडं कोपऱ्यात उभं होतं आणि शेजारी मिक्सर. पहिला घोट घेताना चहा म्हणून घेतला की फसगत होते. सूप म्हणून घेतला की छान लागतो. भाच्यानं तो चहा म्हणूनच घेतला आणि डोळे मिटून गिळला.

वाटीत तळाशी थोडा चहा उरला तसं आमांनी डब्यातून एक पीठ आणून त्यात घातलं. उजव्या हाताच्या अंगठ्यानं पीठ काठावरून आत ढकलायचं आणि डाव्या हातानं वाटी फिरवत राहायची. कुंभाराचं चाक उलटं चाललंय असं. एक कण खाली पडला नाही. बघता बघता गोळा झाला, तो त्यांनी मुठीत दाबला आणि चार बोटांचे वळ उमटलेला तो मुटका माझ्या हातावर ठेवला.

मी हुंगला आणि एकदम वाईच्या घरातल्या फडताळापाशी गेलो. सातूचं पीठ! आजी गहू आणि डाळं भाजून, कधी त्यात जव घालून करायची. दुधात कालवून, गूळ घालून, शाळेतून आल्यावर मिळायचं. आमांचं पीठ नुसत्या जवाचं. तोच भाजका वास. जव आधी तापलेल्या वाळूत भाजायचा, चाळायचा, मग पाणचक्कीवर दळायचा, असं त्यांनी हातवारे करत सांगितलं. इथं वर्षाला एकच पीक. मे महिन्यात पेरायचं, बर्फाचं वितळलेलं पाणी पाटानं आणून द्यायचं, सप्टेंबरात उचलायचं. पीठ आधीच भाजलेलं, त्यामुळे पुन्हा शिजवायला सरपण लागत नाही. ज्या मुलखात झाड नाही तिथं याचं महत्त्व कळतं. नारकंड्याला गहू होता, कल्प्याला कुट्टू, आणि इथं जव. रस्ता किती चढलाय ते मी खरं म्हणजे ताटातच बघत आलो होतो.

"मामा, तू रडतोयस का?" भाच्यानं विचारलं. धूर होता. थोडा धूर होता.

तिथून हिक्किमला उतरलो. ४४४० मीटरवरचं टपाल कार्यालय, १९८३ पासूनचं. आता पर्यटकांसाठी पत्रपेटीच्या आकाराची एक लाल खोलीही आहे, तिच्यापुढे गर्दी होती. आम्ही दुकानातून पोस्टकार्डं घेतली. बोटं गारठलेली, पेन उमटेना. आईला लिहिलं: "तब्येत उत्तम. इथं आपलंच सातूचं पीठ खातात, पण चहात, मीठ आणि लोणी घालून. लाडू संपले." शिक्का दोनदा आपटला, दोन्ही वेळा अर्धाच उमटला.

लांगझाला गावाच्या वर मोठा बुद्ध बसलाय. पोरं पाठीमागे लागतात, हातात गोल, नक्षीदार काळे दगड. हे अमोनाइट नावाच्या, आता नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचे जीवाश्म. हा सगळा भाग एके काळी टेथिस समुद्राचा तळ होता. आपल्या देव्हाऱ्यातला गंडकीचा शाळिग्राम म्हणजे हाच प्राणी. आम्ही विकत घेतले नाहीत, घेऊही नयेत. डोंगर पोकळ होतोय. पण एक हातात धरून बघितला. समुद्रातला जीव साडेचार हजार मीटरवर माझ्या तळव्यात होता आणि पोरगं म्हणत होतं, "सौ रुपया, अंकल, असली है."

दिवस सातवा : की, चिचम, लोसार

की मठ, मग किब्बर, मग चिचमचा पूल. हा पूल २०१७ मध्ये झाला. त्याआधी दरीवरून तारेला टांगलेली टोपली होती. माणूस, बकरी, सिलिंडर, सगळं हातानं दोर ओढत त्यातून जायचं. पुलाच्या मध्यावर उभं राहून खाली बघितलं आणि लगेच गाडीवर बसलो.

लोसारला दुपारी तीनला. कुंझुमच्या अलीकडचं शेवटचं गाव. चौकीत नाव लिहिलं. वारा असा की हेल्मेट काढलं तरी कानात घोंघावत राहिला. घरात कोरडा संडास होता. वरच्या मजल्यावर भोक, बाजूला मातीचा आणि राखेचा ढीग, फावडं. वापर झाला की फावडंभर माती टाकायची. वास अजिबात नाही आणि वसंतात खालून काढून ते शेतात घालतात. नळाचं पाणी सहा महिने गोठलेलं असतं, तिथं फ्लशचा काय उपयोग. काझाच्या हॉटेलांत मात्र आता फ्लश आलेत आणि पाण्याचे टँकरही.

स्वयंपाकघरात अख्खं घर जमलं. घरातली सून किऊ करत होती. कणकेच्या छोट्या गोळ्या अंगठ्यानं दाबून वाटीसारख्या करायच्या आणि बटाटा, मुळा, सुकवलेल्या चीजचा तुकडा घातलेल्या पाण्यात उकळायच्या. मी म्हटलं, "आमच्याकडे यात डाळ घालतात, चिकोल्या म्हणतात." तिला ते ऐकून आनंद झाला आणि मला दहा-बारा गोळ्या दाबायला दिल्या. माझ्या वाकड्यातिकड्या झाल्या. सासूबाईंनी त्या न बोलता पुन्हा दाबल्या.

जेवणानंतर पुन्हा सातू आणि लोण्याचा चहा. या वेळी मी डबी काढली. गुळाचे दोन खडे उरले होते. एक फोडून वाटीतल्या पिठात कुस्करला, लोणी होतंच, आणि मुटका करून सासूबाईंना दिला. त्यांनी आधी हुंगला, मग थोडा खाल्ला, मग उरलेला तीन तुकडे करून नातवंडांना वाटून टाकला. "ये चीनी नहीं है," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, उसाचा, आमच्याकडचा. ऊस कसा असतो ते समजावून सांगायला भाच्यानं फोनवर फोटो दाखवला. दुसरा खडा मी डबीसकट ठेवून दिला.

दिवस आठवा : लोसार ते मनाली

पहाटे साडेपाचला निघालो, कारण नाल्यांत सकाळी पाणी कमी असतं. दुपारी ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि तोच नाला गुडघ्यावर जातो. कुंझुमला पावणेआठ. देवीच्या मंदिराला गाडीनंच प्रदक्षिणा घालायची रीत आहे, घातली. पताका फडफडत होत्या, बोटं लाकूड झाली होती. ढग चंद्रताल तलावाच्या बाजूला काळे दिसत होते. तिकडे बातलवरून चौदा किलोमीटर आत जायचं होतं. भाचा हिरमुसला, पण मी नाही म्हटलं. चंद्रताल राहिला.

बातलच्या ढाब्यात राजमा-भात खाल्ला, सकाळी नऊ वाजता. मग तो रस्ता सुरू झाला ज्याला रस्ता म्हणायची सवय आहे. नदीच्या पात्रातल्या गोट्यांवरून चालवायचं. छोटा दरा या ठिकाणाच्या पुढच्या एका नाल्यात, मध्यावर, लिव्हर माझ्या हातात सैल पडला. क्लच वायर गेली होती. गेले सहा दिवस अर्धा क्लच दाबून मी ती पिळली होती. दोष गाडीचा नव्हता. पाणी नडगीपर्यंत, इतकं गार की आधी दुखतं आणि मग काहीच वाटत नाही. दोघांनी ढकलून गाडी काठाला आणली.

आता कबुली. निघतानाच सिमल्यात भाच्यानं नवी वायर घेऊन ती जुन्या वायरीच्या शेजारून, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधून, वरपासून खालपर्यंत ओढून ठेवली होती. मी तेव्हा हसलो होतो. म्हणालो होतो, गाडीला सलाइन लावलंस का. आता त्यानं फक्त वरचं टोक लिव्हरमध्ये अडकवलं, खालचं इंजिनाकडच्या खाचेत, नट फिरवून ताण दिला, आणि बारा मिनिटांत गाडी चालू झाली. टाकी न काढता. तो काही बोलला नाही. हे जास्त लागलं.

छतरू, ग्राम्फू, मग डांबर. डांबरावर चाक पडल्यावर जो आवाज बंद झाला तो आठ दिवस चालूच होता हे तेव्हा कळलं. रोहतांगचा चढ न चढता अटल बोगद्यात शिरलो. ९.०२ किलोमीटर, दहा-बारा मिनिटं. अलीकडे उघडे तपकिरी डोंगर, पलीकडे देवदार, ओलावा, धबधबे. मनालीत त्या रात्री पिझ्झा खाल्ला आणि दोघांच्याही पोटात दुखलं.

पोस्टकार्ड आमच्यानंतर सतरा दिवसांनी वाईला पोचलं. आईनं चष्मा लावून दोनदा वाचलं. अर्धा शिक्का खिडकीकडे धरून बघितला.

"मीठ घालून?" तिनं विचारलं. "गूळ मिळत नाही का रे त्यांना?"

"ठेवून आलोय थोडा," मी म्हटलं.

"डबी?"

"डबी पण."

"ती माझ्या लग्नातली होती," ती म्हणाली, आणि कार्ड फडताळात सातूच्या पिठाच्या डब्याखाली सरकवून ठेवलं.